थायरॉइडचा अहवाल : आकडे काय सांगतात?

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडतो. 'टीएसएच'समोर ७.८ हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. 'फ्री टी-४' मात्र मर्यादेत असते आणि सर्वांत खाली 'अँटी-टीपीओ'समोर चारशेच्या घरातील संख्या असते. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळालेली असते. मधल्या काळात कोणी नातेवाईक स्वतःचीच गोळी सुरू करण्याचा सल्ला देतो, तर कोणी कोबी, फ्लॉवर आणि आयोडीनयुक्त मीठ बंद करायला सांगतो. वास्तविक हे तिन्ही आकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. तेवढे लक्षात घेतले, तरी निम्मी धास्ती कमी होते.

स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी ही गळ्याच्या पुढील भागात, फुलपाखराच्या आकाराची असते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा काही व्यक्तींमध्ये याच ग्रंथीला परके समजू लागते. त्यातून ग्रंथी हळूहळू निकामी होत गेली, तर त्या विकाराला 'हाशिमोटोचा आजार' म्हणतात. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात चार स्त्री रुग्णांच्या ग्रंथींचे वर्णन केले, त्यावरून हे नाव रूढ झाले. याउलट, प्रतिपिंडांमुळे ग्रंथी अतिरिक्त काम करू लागली, तर तो 'ग्रेव्हज्‌चा आजार' होय. दोन्ही विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतात.

टीएसएच : उलटा चालणारा काटा

टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला तो आदेश असतो. कामगार सुस्तावला की मुकादमाचा आवाज चढतो. त्याचप्रमाणे थायरॉइड मंदावली की टीएसएच वाढते आणि ती बेफाम झाली की टीएसएच जवळजवळ शून्यावर येते. प्रौढांसाठी साधारणपणे ०.४ ते ४ किंवा ४.५ मिलीयुनिट प्रति लिटर ही मर्यादा मानली जाते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी निराळी असते. त्यामुळे अहवालावर छापलेली मर्यादाच ग्राह्य धरावी आणि शक्यतो तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी.

हा काटा अतिशय संवेदनशील असतो. टी-४ किंचित घटले, तरी टीएसएच अनेक पटींनी वाढते. तसेच ते रात्री वाढते आणि दुपारी घटते. परिणामी सकाळी ४.८ आणि दुसऱ्या वेळी दुपारी ३.९ आले, तर आजार बरा झाला असा अर्थ काढता येत नाही. वयोमानानुसारही टीएसएच काहीसे वाढते. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीचे ५.५ आणि तिशीतील स्त्रीचे ५.५ यांना एकाच तराजूत तोलू नये.

टी-४ आणि टी-३

ग्रंथी प्रत्यक्षात किती संप्रेरक पुरवते, हे 'फ्री टी-४'वरून कळते. रक्तातील बहुतांश टी-४ प्रथिनांना चिकटलेले असते आणि मोकळा अंशच कामी येतो. गर्भारपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात. त्यामुळे 'टोटल टी-४' फसवे ठरते आणि 'फ्री'चा आकडा पाहावा लागतो.

टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-४ घटलेले असेल, तर थायरॉइडची कमतरता उघड असते. टीएसएच वाढलेले, पण टी-४ मर्यादेत असेल, तर ती कमतरतेची प्राथमिक अवस्था होय. अशा वेळी काही आठवडे ते तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून खात्री केली जाते. टीएसएच १०च्या वर टिकून राहिल्यास सहसा औषध दिले जाते. त्याखाली असल्यास वय, लक्षणे, गर्भधारणेचा विचार आणि प्रतिपिंडे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. टी-३ची तपासणी मुख्यतः ग्रंथी अतिसक्रिय असल्याच्या संशयात उपयोगी पडते; कमतरतेत ते बराच काळ मर्यादेत राहते.

प्रतिपिंडे कारण सांगतात, मात्रा नव्हे

अँटी-टीपीओ वाढलेले असणे म्हणजे बिघाडामागे प्रतिकारयंत्रणा असण्याची शक्यता मोठी. तथापि प्रतिपिंडे असलेली प्रत्येक व्यक्ती रुग्ण नसते. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के व्यक्तींना थायरॉइडची कमतरता होती, तर सुमारे २२ टक्के व्यक्तींमध्ये ही प्रतिपिंडे आढळली.

मग त्यांचा उपयोग काय? पुढचा अंदाज बांधणे, हा. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील पाहणीत २० वर्षे पाठपुरावा करण्यात आला. टीएसएच आणि प्रतिपिंडे दोन्ही वाढलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४ टक्के स्त्रियांना उघड कमतरता झाल्याचे तीत दिसले. म्हणजेच टीएसएच मर्यादेत असले, तरी प्रतिपिंडे असलेल्यांनी वर्षातून एकदा तपासणी करणे हिताचे. प्रतिपिंडांची संख्या मात्र पुन्हा पुन्हा मोजण्याची सहसा गरज नसते. ती चारशेवरून सहाशेवर गेली म्हणून गोळीची मात्रा वाढत नाही. ग्रेव्हज्‌च्या आजारासाठी 'ट्रॅब' ही वेगळी तपासणी असते. उपचार सुरू झाल्यावरही त्या रुग्णांचे टीएसएच काही महिने दबलेले राहू शकते, म्हणून टी-४ आणि टी-३कडे लक्ष द्यावे लागते.

अहवाल चुकवणाऱ्या गोष्टी

केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांवरील चाचण्या बिघडवतात. टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते, आणि निरोगी व्यक्तीही ग्रेव्हज्‌ची रुग्ण भासते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस या गोळ्या थांबवाव्यात आणि डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. थायरॉइडची गोळी चालू असल्यास त्या दिवशी रक्त दिल्यानंतरच ती घ्यावी.

टी-४ रक्तातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणी करावी. दोन आठवड्यांत केलेली तपासणी दिशाभूल करते. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा किंवा नाश्ता टाळावा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. टीएसएच अचानक वाढले, तर आजार बळावला असे मानण्यापूर्वी या सवयी तपासून पाहाव्यात.

'नॉर्मल' म्हणजे बरे होणे नव्हे

टीएसएच मर्यादेत आले की अनेक जण परस्पर गोळी बंद करतात. हाशिमोटोच्या आजारात ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते, कारण तो आकडा गोळीमुळेच मर्यादेत आलेला असतो. गर्भारपणात तर विलंब परवडत नाही. पहिल्या काही महिन्यांत गर्भाची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि गोळीची गरज लवकरच वाढते. म्हणून गोळी घेणाऱ्या किंवा प्रतिपिंडे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेची खात्री होताच डॉक्टरांना कळवावे. त्यानंतर गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासले जाते.

जुने अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवावेत आणि प्रत्येकावर त्या वेळची गोळीची मात्रा लिहावी. एकाच अहवालापेक्षा चार-पाच अहवालांतून दिसणारा कल डॉक्टरांना अधिक सांगून जातो.