उपवासाची भूक आणि दुष्काळाची भूक

उपवास हा शब्द आपणां पाचोरेकरांस शिकवावयास नको. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार हे आपल्या घराघरांत पाळले जातात. आषाढीला मुक्ताबाईची पालखी आपल्या खानदेशातूनच पंढरीच्या वाटेला लागते. शेजारच्या मुसलमान बांधवांचे रोजे व जैन बांधवांचे पर्युषणही आपण पाहतो. परंतु ख्रिस्ती माणूसही उपवास करतो, त्यालाही प्रार्थनेची परंपरा आहे आणि त्या परंपरेचा एक मोठा अध्याय महाराष्ट्राच्या मातीत घडला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्या अध्यायाकडे आज वळू.

प्रथम मूळ पाहू. येशूने सेवाकार्यास आरंभ करण्यापूर्वी रानात चाळीस दिवस उपवास केला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. पुढे डोंगरावरील प्रवचनात त्याने शिष्यांस बजावले, की उपवास करणाराने तोंड उतरलेले ठेवून लोकांत मिरवू नये. डोक्यास तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे उपवास माणसांस न दिसता देवासच दिसेल. त्याच्याही कित्येक शतके आधी यशया संदेष्ट्याने विचारले होते, की भुकेल्यास आपल्या भाकरीतला वाटा दिला नाही तर तो उपवास कसला? हे दोन्ही विचार ध्यानात ठेवावे. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या बुधवारी व शुक्रवारी उपवास करीत, असा उल्लेख ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात आहे. पुढे ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ रूढ झाला. पाश्चात्य मंडळीत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो व त्यातले रविवार उपवासात धरीत नाहीत. वसईच्या कॅथलिक समाजात हा काळ पिढ्यान् पिढ्या पाळला गेला आहे. मात्र युरोपात या प्रथेस विरोधही झाला. १५२२ मध्ये झूरिक शहरात एका छापखान्यातील मंडळींनी उपवासकाळात मुद्दाम मांस खाल्ले, आणि त्स्विंग्ली या धर्मसुधारकाने त्यांची बाजू घेतली. उपवास स्वेच्छेचा असावा, सक्तीचा नसावा, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे उपवास कोणी, कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून करावा, हा वाद जुनाच आहे. आपल्याकडे तो एका स्त्रीच्या आयुष्यात उभा राहिला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, पुराणे सांगे आणि मिळेल त्यावर राही. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने त्यांना गाठले. देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रते, उपवास, दाने सर्व झाली. गाठीचा पैसा संपला. अखेर अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर काढावे लागल्याचे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. स्वेच्छेचा उपवास कोठे संपतो आणि उपासमार कोठे सुरू होते, हे या बाईला पोथीतून शिकावे लागले नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरी तेथील गुरुभगिनींच्या सर्वच आज्ञा त्यांनी मानल्या असे नाही. मांस तर नाहीच, पण अंडे घातलेला पदार्थही त्या खात नसत. हा जातीचा अभिमान आहे, असा ठपका त्यांच्यावर आला, तरी त्या बधल्या नाहीत. धर्म बदलला म्हणून ताट दुसऱ्याने ठरवावे, हे त्यांस मान्य नव्हते.

प्रार्थनेचा प्रश्न याहून बिकट ठरला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस त्यांनी शारदासदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. संस्थेत कोणासही ख्रिस्ती करावयाचे नाही, असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. काही विधवा मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना करताना मी दार का लावू, असा त्यांचा सवाल होता. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ मुली घरी नेण्यात आल्या. दोन्ही पक्षांची अडचण खरी होती. आश्रितांच्या मनावर आश्रयदात्याचा भार पडतो, ही सल्लागारांची शंका पोकळ नव्हती. आणि उपासना लपवावयास लावणे हाही अन्यायच होता. या तिढ्याचे सोपे उत्तर निदान मला तरी सापडलेले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावास त्यांनी जमीन घेतलेली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. भुकेने अर्धमेल्या मुलींस उपवासाचा महिमा सांगणे ही क्रूर थट्टा झाली असती. आधी पेज, मग औषध, मग अक्षर आणि हाताला काम, असाच क्रम लावावा लागतो. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व मुलींनी चालविले. दुष्काळात धर्मांतर केल्याचा आरोप तेव्हाही झाला, आणि इतिहासाने त्याची नोंद ठेवली पाहिजे. पण त्या मुली जगल्या, ही नोंदही तितकीच महत्त्वाची आहे.

१९०५ च्या आरंभी वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता ऐकून रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मंडळ काढले. आरंभी सत्तर जणी जमत. सहा महिन्यांत ती संख्या साडेपाचशेवर गेली. जूनअखेर मोठा भावावेग उसळला. मुली तासन् तास रडून, मोठ्याने बोलून प्रार्थना करू लागल्या. असे रडणे, ओरडणे कित्येक युरोपियनांस आवडले नाही. रमाबाईंनी ते दडपले नाही. आणि स्वतः मात्र शांतपणे हिब्रू व ग्रीक घेऊन बायबलाचे सोपे मराठी भाषांतर करीत बसल्या. ते काम पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

या कथेचा एक धागा आपल्या जिल्ह्यातही येतो. १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांस ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे टिळकांनी त्यांस नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक म्हणत. भजन, कीर्तन, अभंग यांतून त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला मराठी कंठ दिला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

सारांश, उपवासाची कसोटी धर्मागणिक बदलत नाही. जो उपवास माणसास दुसऱ्याच्या भुकेची ओळख करून देतो तो सार्थ. जो केवळ देवाकडून काही उकळू पाहतो तो सौदा. रमाबाईंच्या घरी व्रतांनंतरही अन्न आले नाही. पुढे त्यांच्या दाराशी भुकेली मुलगी आली, तेव्हा तिला मात्र अन्न मिळाले. केडगावची ती संस्था आजही चालू आहे. येत्या एकादशीला आपण फराळाचे ताट पुढे घ्याल, तेव्हा यशयाचा तो जुना प्रश्न एकदा मनाशी विचारून पाहावा, इतकीच माझी विनंती आहे.