चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा: जुन्या नाचगाण्यांतील माणसांचा शोध

जुन्या हिंदी चित्रपटातील नाचगाण्यात पडद्यावर एक माणूस दिसतो, गळा दुसऱ्याचा असतो, वाद्य तिसऱ्याने वाजवलेले असते आणि पावलांची आखणी चौथ्याने केलेली असते. श्रेयनामावलीत यांतले एकदोघेच सापडतात. उरलेल्यांची ओळख पटवायची, तर ध्वनिमुद्रिका, गाण्यांच्या चोपड्या, वाद्यवृंदातील माणसांच्या आठवणी आणि खुद्द चित्रफीत असे सगळे पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९४७ ते १९६५ या काळात अमेरिकी स्विंग, लॅटिन अमेरिकी ठेका आणि पुढे रॉक अँड रोल या चाली ज्यांनी आणल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे अशाच मार्गाने हाती आली आहेत.

अडचण गायकाच्या नावापासूनच सुरू होते. पार्श्वगायन रूढ झाले तरी ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर बराच काळ पात्राचे नाव छापले जाई. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर ‘कामिनी’ हे मधुबालाच्या भूमिकेचे नाव होते. गाणे लता मंगेशकरांचे आहे हे श्रोत्यांना आकाशवाणीकडे विचारणा करून कळून घ्यावे लागले. पुरुष गायकांच्या बाबतीत वेगळाच घोळ होता. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’, गायक म्हणून ‘चितळकर’, आणि काही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘राम चितळकर’ किंवा ‘अण्णासाहेब’ अशा नावांनी वावरले. एकाच चित्रपटात संगीत सी. रामचंद्र यांचे आणि आवाज चितळकरांचा असे वाचल्यावर ही दोन माणसे आहेत असे वाटणे स्वाभाविक होते. त्यांच्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्राचे महत्त्व म्हणूनच केवळ आठवणींपुरते नाही. त्या काळच्या नावांचा गुंता सोडवायला अशी पुस्तके फार उपयोगी पडतात.

या चितळकरांनी १५ ऑगस्ट १९४७ च्या सुमारास झळकलेल्या ‘शहनाई’त रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे एक विनोदी द्वंद्वगीत केले. पडद्यावर त्यात मुमताज अली आणि दुलारी आहेत. मुमताज अली हे बॉम्बे टॉकीजच्या काळापासूनचे नर्तक आणि विनोदी अभिनेते मेहमूद यांचे वडील. पुरुषाचा आवाज स्वतः संगीतकाराचा. गाण्याची घडण पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यावर आहे आणि वाद्यमेळात गिटार, क्लॅरिनेट, ट्रंपेट ऐकू येतात. ही वाद्ये वाजवणारी माणसे कोण, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात आहे.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड हिंदुस्थानातच राहिले आणि १९४५ साली कोलकात्यात वारले. त्यांच्या सोबतीला बसून, त्यांचे ऐकून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या या मंडळींना कागद समोर ठेवून वाजवता येत होते. स्विंगची लय मात्र त्यांनी कानाने उचलली. स्वातंत्र्यानंतर संस्थानिक आणि इंग्रज साहेब हे दोन्ही आश्रयदाते ओसरले, मुंबईत दारूबंदी आली, नाचघरांची कमाई आटली, आणि हे वादक रोजच्या भाकरीसाठी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावे वाद्यवृंद रचनाकार म्हणून आज जाणकारांना ठाऊक आहेत. पडद्यावर मात्र संगीत दिग्दर्शकाचेच नाव झळकत राहिले. हा अन्याय लहान नव्हता: चाल संगीतकाराची असली तरी गाण्याला चपखल बसणारा पोशाख शिवला तो या लोकांनी.

त्यांच्यातला एक जण मात्र पडद्यावर स्पष्ट दिसतो. बार्देशमधील हळदोणे गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होते. लुई आर्मस्ट्राँगची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणूनच त्यांची ख्याती झाली. ते सी. रामचंद्र यांचे सहायक होते. ‘अलबेला’ (१९५१) मधील ‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात ते आपल्या ताफ्यासह, झालरी लावलेल्या लॅटिन अमेरिकी धाटणीच्या पोशाखात उभे आहेत. एरवी अशा दृश्यांत हाती वाद्य घेतलेले लोक ज्युनिअर आर्टिस्ट असत. आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या वेळी कर्ण्यावर लावले जाई आणि त्यांनी नुसता आविर्भाव करायचा असे. खरा वादक ओळखण्याची खूण त्याच्या अंगात असते. ट्रंपेटच्या तीन कळांवर बोटे सुरांप्रमाणे पडतात, फुंक घेण्याआधी छाती भरते, ओठ वाद्याच्या तोंडावर नेमके बसतात. आविर्भाव करणाऱ्याची बोटे एकतर निश्चल राहतात किंवा सुरांशी संबंध नसलेली हलतात. चिक चॉकलेट यांच्या दृश्यात चेहरा, बोटे आणि ऐकू येणारा ट्रंपेट यांचा मेळ बसतो, म्हणून जुन्या चित्रफितींत हा तुकडा विशेष मोलाचा.

‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा हा मुलगा कुस्तीच्या शौकामुळे ‘दादा’ झाला. रामचंद्र आणि भगवान यांची सोबत ‘सुखी जीवन’ (१९४२) पासूनची, किंबहुना त्याही आधीच्या तमिळ चित्रपटांपासूनची. ‘अलबेला’त भगवानदादांचा गळा चितळकरांचा, गीता बालींचा लता मंगेशकरांचा, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. ‘शोला जो भडके’मध्ये हवाई बेटांचा थाट आहे: गळ्यात फुलांच्या माळा, नर्तकींच्या कमरेला पानांचे घागरे, आणि तालाला बोंगो. हा ठेका हिंदी चित्रपटात रुजवण्यात पारशी तालवादक कावस लॉर्ड यांचा वाटा मोठा होता. त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी लॉर्ड हेही पुढे नामवंत वादक झाले. भगवानदादांची पावले मात्र ना हवाईची, ना अमेरिकेची. खांदे किंचित उचलून, गुडघे थोडे वाकवून, हात कोपरात दुमडून केलेली ती ठुमकती चाल गिरगाव-परळच्या मिरवणुकीत कुणालाही जमेल अशी आहे. त्यामुळे ती पडद्यावरून परत मिरवणुकीत गेली. पनवेल-उरण पट्ट्यातल्या हळदीत आणि गणपती विसर्जनात बेंजो पार्टीने ‘अलबेला’ची चाल धरली की पोरे आजही तीच पावले टाकतात, चित्रपट पाहिलेला असो वा नसो.

माणसांबरोबर संदर्भ ओळखणे हे या कामाचे दुसरे अंग. ‘समाधी’ (१९५०) मधील नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर यांच्यावर चित्रित झालेल्या गाजलेल्या नृत्यगीताची चाल एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेल्या लॅटिन गीतावर बेतलेली आहे. रॉस मूळचे त्रिनिदादचे, गाजले लंडनमध्ये. म्हणजे कॅरिबियन ठेका लंडनमार्गे मुंबईत आला आणि लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांच्या गळ्यातून देशभर पसरला. असा उगम सापडल्यावर ‘चोरी’ म्हणून हात झटकणे सोपे असते. पण मूळ गीत आणि हिंदी गीत शेजारी ठेवून ऐकले, तर मुखड्यापुढची बांधणी, अंतऱ्याचे वळण आणि दोन स्त्रीआवाजांतला सवालजवाब हे मुंबईत घडलेले काम स्पष्ट दिसते.

श्रेयनामावलीत नाव असूनही माणूस लपलेला राहतो, याचे उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावरचे आहे. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मध्ये मुलांसोबत गाणारा जॉन चाचा नुसत्या ‘डेव्हिड’ या नावाने ओळखला गेला. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातले चेऊल म्हणजे अलिबागजवळचे चौल. डेव्हिड बेने इस्रायल या ज्यू समाजातले; तेल गाळणारा हा समाज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. पनवेलचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर याच समाजाने १८४९ साली बांधले. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांच्या नाटकावरून झाला, ते जोसेफ डेव्हिडही पेणकर. पनवेल, पेण, चौल या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या माणसांनी बोलपटाच्या जन्माला हातभार लावला हे नुसत्या इंग्रजी वळणाच्या नावावरून ध्यानात येत नाही. ‘बूट पॉलिश’च्या त्या गीतातही नेहमीची विभागणी आहे: ओठ डेव्हिड यांचे, आवाज महंमद रफींचा. या भूमिकेसाठी डेव्हिड यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

ओळख पटवण्याच्या दृष्टीने सर्वांत गाजलेली चित्रफीत ‘गुमनाम’ (१९६५) मधील ‘जान पहचान हो’. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचे, आवाज रफींचा. नाचघरात गिटार आणि ड्रमच्या झंझावातावर स्त्री-पुरुषांचा ताफा बेभान नाचतो आणि बहुतेकांच्या डोळ्यांवर काळे मुखवटे आहेत. सोनेरी झालरीच्या पोशाखातली मुख्य नर्तकी मान झटकत, केस उडवत पुढे येते. चित्रपटात हेलन यांची मोठी भूमिका असल्याने मुखवट्यामागे त्याच असाव्यात असा समज सहज होतो. पण त्या लक्ष्मी छाया, तेव्हा विशीही न गाठलेल्या. पुढे ‘मेरा गाव मेरा देश’ (१९७१) मध्ये त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला, तेव्हा कुठे जुन्या नर्तकीशी त्याची सांगड घालणे सोपे झाले. गाण्यावर ओठ हलवणारे हर्मन बेंजामिन हे त्या नाचाचे रचनाकारही होते. मागे वाजवणारा ताफा टेड लायन्स अँड हिज कब्ज, मुंबईच्या हॉटेलांत खरोखर वाजवणारा. हा चित्रपट अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबरीवर बेतलेला, नाच अमेरिकी रॉक अँड रोलचा, नायिका मास्टर विनायकांची कन्या नंदा, विनोदी भूमिकांतले एक धुमाळ. इतके धागे एका चित्रपटात एकत्र आले आहेत.

२००१ साली टेरी झ्विगॉफ यांच्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाची सुरुवात याच नाचाने झाली, आणि २०११ मध्ये हाइनिकेनच्या जाहिरातीत ते गाणे पुन्हा वाजले. जगभरच्या प्रेक्षकांना तेव्हा प्रथमच प्रश्न पडला की ही मंडळी कोण. समूहनर्तकांपर्यंत पोहोचणे तरीही फार कठीण गेले. अँग्लो-इंडियन, गोव्याच्या आणि ज्यू घरांतल्या या मुली दिवसाच्या मजुरीवर नाचत, एकाच आठवड्यात दोनतीन स्टुडिओंत. त्यांच्यातून वर आलेल्या हेलन ‘आवारा’ (१९५१) मध्ये समूहात होत्या, हे आज शोधून पाहता येते ते त्या पुढे तारका झाल्या म्हणून.

पुराव्यांमध्ये पहिला मान कागदाचा. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांत कलाकारांची नावे मिळतात. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ चित्रपट, गायक, गीतकार आणि तबकडी क्रमांक यांची सांगड घालतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून मूळ प्रती आणि प्रसिद्धी साहित्य जमत गेले. वादकांसाठी मात्र कागद अपुरा पडतो. तिथे ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’साठी घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखती आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ यांनी मोठे काम केले. जिवंत माणसाला चित्रफीत दाखवून विचारणे हा मार्ग सर्वांत खात्रीचा, आणि तो दर वर्षी अरुंद होत चालला आहे.

नावे न मिळण्याची ही अडचण पुढच्या काळातही पुरती संपली नाही. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा चित्रफितीच्या कोपऱ्यात गायक, गीत, अल्बम आणि कंपनी यांची नावे उमटू लागली. हार्लेमच्या टेडी रायली यांनी घडवलेली न्यू जॅक स्विंग ही शैली, हिप-हॉपचा ठोका आणि जुन्या स्विंगची हिंदकळती लय एकत्र करणारी, याच वाटेने महाराष्ट्रात आली. मायकेल जॅक्सनच्या ‘रिमेंबर द टाइम’ (१९९२) या गाण्याच्या चित्रफितीत फॅरोच्या वेषातला एडी मर्फी, राणी झालेली इमान आणि बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांना इथल्या पोरांनी एकमेकांना विचारून ओळखले, कारण कोपऱ्यातल्या पाटीवर त्यांची नावे नव्हती. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत जॅक्सनचा कार्यक्रम झाला. विमानतळावर त्याला ओवाळणाऱ्या, नऊवारीतल्या अभिनेत्री सोनाली बेंद्रेंचे छायाचित्र पाहून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या चाहत्यांना तोच प्रश्न उलट दिशेने पडला असणार. मधल्या काळात, १९९५ साली, ‘मेड इन इंडिया’ हे गाणे आले. पाटीवर नाव अलिशा चिनॉय आणि मॅग्नासाउंडचे, संगीत बिड्डू यांचे, चित्रीकरण केन घोष यांचे. लाकडी खोक्यातून बाहेर येणारा तरुण मिलिंद सोमण हे प्रेक्षकांना ठाऊक झाले ते वृत्तपत्रांतून. त्याच्या आधी चित्रफितीत अलिशासमोरून गेलेले इतर इच्छुक वर आणि मागे नाचणारा ताफा यांची नावे ना पाटीवर आली, ना कॅसेटच्या आतल्या कागदावर.