भाषा कोणाची, भीती कोणाला?

जून १९६२. युगांडाच्या कंपाला शहरातील मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली होती. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून चार महिने बाकी होते. परिषद होती ‘इंग्रजीतून लिहिणाऱ्या’ आफ्रिकी लेखकांची. त्यामुळे जेमतेम दोन छापील कथा नावावर असलेल्या एका विद्यार्थ्याला तिथे जागा मिळाली. शेजारच्या टांगानिकाचे थोर कवी शाबान रॉबर्ट मात्र त्या चौकटीत बसत नव्हते, कारण ते स्वाहिलीत लिहीत. किताबू, कलामू, हबारी, दुनिया हे स्वाहिलीतले शब्द. अरबीतून तिकडे गेले, तसे आपल्याकडेही आले. आपल्याला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही.

तो विद्यार्थी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले केनियाचे न्गुगी वा थिओंगो.

उत्तर-वसाहतवादी साहित्याचा अभ्यास करताना काही संकल्पना हमखास भेटतात. पहिली, प्रत्युत्तराची: ज्यांच्याबद्दल राज्यकर्त्यांनी लिहिले, त्यांनी आता स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची. दुसरी, राज्यकर्त्यांची भाषा वाकवून आपलीशी करण्याची. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनी १९५८ मध्ये ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत दोन्ही साधले. त्यांच्या इंग्रजीत इग्बो समाजाच्या म्हणी आहेत, त्या समाजाची बोलण्याची ढब आहे. इंग्रजी मिळालीच आहे, तर ती आपल्या कामाला लावू, अशी त्यांची भूमिका होती.

न्गुगी हळूहळू तिसऱ्या संकल्पनेकडे गेले: मनाचे निर्वसाहतीकरण. झेंडा बदलला तरी मनातली उतरंड तशीच राहते, हा त्यांचा मुद्दा. त्यामागे शाळेचा अनुभव होता. गिकुयु बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, दंड होई, गळ्यात ‘मी मूर्ख’ अशा अर्थाची पाटी अडकवली जाई. घरी आई ज्या भाषेत गोष्टी सांगते, तीच शाळेत गुन्हा ठरते. मग मूल आईच्या भाषेलाच नव्हे, आईलाही कमी लेखू लागते.

या वादाचा खरा निकाल १९७७ साली लागला, असे मला वाटते. त्या वर्षी न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी आली. स्वतंत्र केनियातील नव्या धनिकांवर तिच्यात कडक टीका होती. तरी तिच्या प्रकाशनाला खुद्द अर्थमंत्री म्वाई किबाकी हजर होते. त्याच वर्षी कामिरीथू गावात न्गुगी वा मिरी यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे गिकुयु नाटक उभे राहिले. शेतमजूर आणि कारखान्यातले कामगार त्यात काम करत होते. उघडे नाट्यगृहही गावकऱ्यांनीच बांधले होते. काही आठवड्यांतच प्रयोगांना बंदी आली आणि वर्ष संपता संपता न्गुगी तुरुंगात गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही. टीका तीच होती. पण आता ती ज्यांच्याबद्दल होती, त्यांनाच कळत होती.

तुरुंगात त्यांनी गिकुयुत कादंबरी लिहिली, तीही शौचालयाच्या कागदावर. पुढे १९८६ मध्ये ‘डिकॉलनायझिंग द माइंड’ या पुस्तकात त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुले घरी दखनी बोलतात. ती पुस्तकी उर्दूही नाही आणि पुस्तकी मराठीही नाही. आपण कोणाच्या गळ्यात पाटी अडकवत नाही हे खरे. पण ‘हाव’, ‘नक्को’ ऐकून वर्गात जे हसू पिकते, ते पाटीचेच काम करते. उर्दूवाले तिला अशुद्ध म्हणतात, मराठीवाले बागवानी म्हणून सोडून देतात. मराठी मुसलमानाने मराठीत लिहिणे हे मला परक्या भाषेत लिहिणे वाटत नाही. मराठी माझ्या गल्लीची, बाजाराची, शाळेची भाषा आहे. कोणा साहेबाने ती लादलेली नाही. पण आमच्या घरातल्या बायका ज्या बोलीत रडतात, भांडतात, दुवा देतात, ती आमच्या लिखाणात किती येते? अचेबेंनी इंग्रजीत इग्बो म्हणी आणल्या. आपल्याला तर इतके लांब जायचेही नाही.

इंग्रजी शिकू नये असे न्गुगी म्हणत नव्हते, मीही म्हणत नाही. मुलांना इंग्रजी हवीच. फक्त ती शिकताना आजीची भाषा बोलायला लाज वाटणार नाही, एवढी जबाबदारी शिक्षक आणि पालक म्हणून आपली आहे.