निष्फळ अंजीर आणि माळी : महाराणी सोलोमोनियाची कथा

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील निष्फळ अंजिराच्या दाखल्यावर आपण पाळकांनी अनेकदा उपदेश केला असेल. हाच दाखला एके काळी एका पतिव्रता स्त्रीवर कुऱ्हाडीसारखा चालविण्यात आला, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ती स्त्री म्हणजे मॉस्कोचा महाराज वासिली तिसरा याची पहिली पत्नी सोलोमोनिया साबुरोवा.

सोलोमोनिया परदेशी राजकन्या नव्हती. १५०५ साली वासिलीच्या विवाहाचा विचार निघाला, तेव्हा राज्यभरातून कुलीन मुली निवडीसाठी मॉस्कोत आणण्यात आल्या. जर्मन सम्राटाचा वकील हर्बरश्टाइन त्यांची संख्या १५०० देतो. त्यांतून साबुरोव घराण्यातील ही कन्या पसंत झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिचा विवाह झाला. पुढल्याच महिन्यात सासरा इव्हान तिसरा निवर्तला आणि सोलोमोनिया महाराणी झाली.

वीस वर्षे संसार झाला, पण मूल झाले नाही. पतिपत्नींनी मठांना दाने दिली, पवित्र स्थळांच्या यात्रा केल्या. संत सर्गियस याच्या मठाला १५२५ साली अर्पण केलेले एक भरतकामाचे वस्त्र आजही जतन करून ठेवलेले आहे. त्यावर या दांपत्याची अपत्यासाठी केलेली विनवणी धाग्यांनी लिहिली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात राणीच्या सख्ख्या भावाने चौकशीत जबानी दिली, की तिने स्तेफानिदा नावाच्या जाणत्या बाईकडून पाणी मंत्रवून घेतले होते. त्या पाण्याने पतीचे प्रेम टिकावे अशी तिची आशा होती. एका हाती प्रार्थनेचे वस्त्र आणि दुसऱ्या हाती मंत्रलेले पाणी! या स्त्रीची दशा आपणांस अपरिचित वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

प्स्कोव्हच्या बखरीत असे वर्णन आहे, की प्रवासात असताना वासिलीने झाडावर पक्ष्याचे घरटे पाहिले आणि पाखरांनाही पिले आहेत, आपण मात्र निपुत्रिक, असे म्हणून तो रडू लागला. हा प्रसंग बखरकाराने कोठून उचलला हे ओळखणे कठीण नाही. याकोबाच्या नावावर चालत आलेल्या जुन्या ग्रंथात पवित्र मरियेची माता हन्ना अशीच घरटे पाहून विलाप करते. तथापि त्या ग्रंथातील योवाकीमाने हन्नेला टाकले नव्हते. वासिलीने पुढे सरदारांचा सल्ला घेतला, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की निष्फळ अंजीर तोडून मळ्याबाहेर टाकतात.

आता प्रश्न मंडळीपुढे आला. निरपराध पत्नीचा त्याग करून दुसरा विवाह करण्यास धर्मनियमांचा आधार नव्हता. एक पळवाट मात्र होती. पत्नीने संन्यासव्रत घेतले, तर पती मोकळा मानला जाई. मेट्रोपॉलिटन दानियेल याने, म्हणजे मॉस्कोच्या प्रमुख धर्माध्यक्षाने, संमती दिली. नोव्हेंबरच्या अखेरीस मॉस्कोतील एका मठात सोलोमोनियाचे केस कापण्यात आले आणि तिला सोफिया हे नाव मिळाले.

त्या वेळी काय घडले याविषयी दोन साक्षी आहेत. काही रशियन बखरी म्हणतात, की तिने स्वतःच व्रत मागितले. पुढल्याच वर्षी मॉस्कोत पोहोचलेल्या हर्बरश्टाइनने वेगळेच ऐकले. ती रडली, तिने शिरोवस्त्र पायाखाली तुडविले. तेव्हा शिगोना नावाच्या दरबाऱ्याने तिला चाबूक मारला. मग, हे बळजबरीने होत आहे, याचा न्याय देव करील, असे तिने सर्वांदेखत सांगितले. दरबाराला सोयीची साक्ष कोणती, हे सांगावयास नको.

पूर्वेकडील मंडळीच्या संन्यासविधीत एक अर्थपूर्ण कृती आहे. व्रत घेणारी व्यक्ती कात्री स्वतः उचलून तीनदा मठाधिपतीच्या हाती देते. व्रत स्वेच्छेचे आहे, याची ती खूण. हर्बरश्टाइनचे म्हणणे खरे असेल, तर त्या दिवशी विधीचे बाह्य रूप राहिले आणि प्राण गेला.

जानेवारी १५२६ मध्ये वासिलीने येलेना ग्लिन्स्कायाशी विवाह केला. तिलाही साडेचार वर्षे मूल झाले नाही. तिला मात्र कोणी मठाची वाट दाखविली नाही. १५३० साली पुत्र झाला, तोच पुढे ‘भयंकर’ म्हणून ओळखला गेलेला इव्हान चौथा. संन्यासी वास्सियान याने या दुसऱ्या विवाहास विरोध केला, असे परंपरा सांगते. १५३१ साली इतर आरोपांवरून त्याला बंदिवास मिळाला. १५३३ साली मरणशय्येवर वासिलीने स्वतः संन्यासदीक्षा मागून घेतली. जे व्रत पत्नीवर लादले, तेच त्याला शेवटी आश्रय वाटले. दानियेलालाही १५३९ साली सरदारांनी पदावरून दूर केले.

सोलोमोनियाने सुझ्दल येथील पोक्रोव्स्की मठात आयुष्य काढले आणि १५४२ साली ती तेथेच निवर्तली. रशियन मंडळी आज तिला सुझ्दलची संत सोफिया म्हणून मान देते. तिच्यानंतरही त्या मठाचे दार अशाच कामी आले. १६९८ साली पीटर महाराजाने आपली पत्नी येव्दोकिया हिला तेथेच धाडले.

आता त्या दाखल्याकडे पुन्हा वळू. प्रभूने तो पश्चात्तापाच्या बोधानंतर लगेच सांगितला. त्यातील झाड म्हणजे शेजारीण नव्हे, ऐकणारा स्वतःच होय. त्यात तोडण्याची आज्ञा आहे, तसा एक माळीही आहे. तो आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आळे खणून खत घालण्याची जबाबदारी पत्करतो. सरदारांनी दाखल्याचा पूर्वार्ध उच्चारला. उत्तरार्ध उच्चारणे हे दानियेलाचे काम होते. ते त्याने केले नाही.

आपल्या मंडळ्यांत राजे नाहीत. परंतु मूल नाही म्हणून सुनेला माहेरी पाठवू पाहणारी घरे आहेत, मंत्रलेल्या पाण्याकडे वळलेल्या भगिनी आहेत, आणि पाळकाने मुकाट्याने संमती द्यावी अशी अपेक्षा करणारे वजनदार सभासदही आहेत. त्या भगिनीला केवळ अंधश्रद्धेचा दोष देऊन आपले काम संपत नाही. तिला त्या दारापर्यंत कोणी लोटले, हेही विचारले पाहिजे. अशा घरात आपले पाऊल पडेल, तेव्हा आपल्या हाती कुऱ्हाड असेल की कुदळ, याचे उत्तर आपण आजच देऊन ठेवलेले बरे.