रॉड सर्लिंग आणि टीव्हीने झाकलेला चेहरा

1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार केले. सगळ्या गोऱ्या ज्युरीने मारेकऱ्यांना निर्दोष सोडले. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवून लेकाचा छिन्नविच्छिन्न चेहरा जगाला दाखवला.

टीव्हीने तोच झाकला. रॉड सर्लिंगने या खुनावरून नाटक लिहिले, पण बळी आधीच बदलून वृद्ध ज्यू केला. तेही प्रायोजकांना पचले नाही. 1956 च्या प्रसारणात गाव न्यू इंग्लंडचे झाले, बळी कुणी परदेशी. (जात गाळलेल्या अत्याचाराच्या बातम्या आम्ही आजही वाचतोच.)

1959 पासून 'द ट्वायलाइट झोन'मध्ये सर्लिंगने परग्रहवासीयांच्या आडून द्वेषावर लिहिले. या युक्तीचे गोडवे गाणाऱ्यांना आमचा सवाल आहे: रूपकाने लेखकाची वाट मोकळी झाली, पण मेमी टिलना जे दाखवायचे होते, ते कुणी दाखवले?