ॲलिसचे स्वप्न आणि मनोविश्लेषक

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहार करीत असता डीन लिडेल यांच्या तीन कन्यांना ॲलिसची जी गोष्ट रचून सांगितली, तीच १८६५ साली लुईस कॅरल या टोपणनावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे कित्येक वर्षे निर्मळ बालवाङ्मय म्हणूनच घरोघरी वाचली गेली. परंतु १८९९ च्या अखेरीस फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ बाहेर पडल्यानंतर, जवळजवळ संपूर्णपणे स्वप्नातच घडणारी ही कथा मनोविश्लेषकांच्या दृष्टीतून सुटणे शक्य नव्हते.

१९३३ साली गोल्डश्मिट या लेखकाने ॲलिसच्या बिळातील पतनात आणि कुलूप-किल्लीत कामवासनेची प्रतीके दाखविली. १९३६ साली पॉल शिल्डर या व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला गेलेल्या मनोविश्लेषकाने, ज्याचा देहप्रतिमेवरील ग्रंथ नुकताच प्रसिद्ध झाला होता, ॲलिसच्या लहानमोठ्या होणाऱ्या देहात आणि शिरच्छेदाच्या हुकुमांत क्रौर्य व विच्छेदाचे भय पाहून हे पुस्तक मुलांना अपायकारक ठरेल असा इशारा दिला. शिल्डरची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण अशा प्रतीकांवरून कर्त्याचे मन ओळखावयाचे तर, फ्रॉइडची पद्धत स्वप्न पाहणाऱ्याच्या स्वतःच्या स्मृतींवर व मुक्त कथनावर उभी असते, आणि डॉजसन तर १८९८ च्या जानेवारीतच निवर्तले होते. ज्याची जबानी कधीच नोंदली गेली नाही, त्याच्या अंतर्मनावर निकाल देणे हे शास्त्राच्या स्वतःच्याच दंडकाशी विसंगत होय. शिवाय हे स्वप्न कथेत ॲलिसला पडते, तिच्या कर्त्याला नव्हे.

या दृष्टीने विल्यम एम्प्सन या इंग्रज समीक्षकाचा १९३५ चा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. त्यानेही फ्रॉइडचा आधार घेतला, ॲलिसच्या अश्रूंच्या तळ्यात गर्भजलाचा आभास पाहिला, पण त्याच तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पशुपक्ष्यांत त्याला डार्विनचा उत्क्रांतिवादही दिसला, आणि वडीलधाऱ्यांच्या जगाची पारख करणारे मूल त्याने या कथेच्या मध्यभागी ठेवले. अखेरच्या खटल्याचा प्रसंग या अर्थाने वाचावा: तेथे ॲलिस कोणताही पदार्थ न खाता आपोआप वाढू लागते आणि राजाराणीचा दरबार केवळ पत्त्यांचा आहे हे उच्चारताच जागी होते, बालपण ओलांडण्याचे इतके नेमके चित्र त्या काळच्या वाङ्मयात विरळ.

ज्यांना या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी मूळ कथेनंतर प्रथम एम्प्सन वाचावा, आणि शिल्डरकडे मग वळावे.