अविनाश दीक्षित : मुंबईच्या गणितापासून प्रिन्स्टनच्या गेम थिअरीपर्यंत

अविनाश कमलाकर दीक्षित हे प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्राचे मानद प्राध्यापक. गेम थिअरी, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुंतवणूक आणि शासनसंस्था या चार क्षेत्रांत त्यांचं काम आहे. जगभरच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव पाठ असतं. भारत सरकारने २०१६ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं. मात्र मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबईतच पदवी घेतलेल्या या अभ्यासकाने नेमकं काय केलं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मागे फिरता येणार नाही असा निर्णय माणसाने कधी घ्यावा आणि कधी टाळावा, या एका प्रश्नाभोवती त्यांचं बरंचसं काम फिरतं.

शिक्षण

दीक्षित यांचा जन्म १९४४ चा, मुंबईतला. सेंट झेवियर्स कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ते १९६३ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढे केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजातून १९६५ मध्ये गणितातच दुसरी पदवी घेतली. अर्थशास्त्राकडे ते वळले ते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये. तिथे १९६८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. आर्थिक वाढीच्या सिद्धांतासाठी पुढे नोबेल मिळवणारे रॉबर्ट सोलो हे त्यांचे मार्गदर्शक होते.

त्यानंतर बर्कली, मग ऑक्सफर्डचं बॅलिओल कॉलेज, १९७४ पासून इंग्लंडमधलंच वॉरिक विद्यापीठ आणि १९८१ पासून अमेरिकेतलं प्रिन्स्टन, असा त्यांचा प्रवास झाला. प्रिन्स्टनमधून ते २०१० मध्ये निवृत्त झाले.

यात एक योगायोग आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांचा गेम थिअरीचा पायाभूत ग्रंथ प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला तो १९४४ सालीच, म्हणजे दीक्षित यांच्या जन्मवर्षी. जॉन नॅश यांनी आपला प्रसिद्ध प्रबंध १९५० मध्ये सादर केला तोही प्रिन्स्टनलाच. त्याच गावात दीक्षित यांनी जवळजवळ तीस वर्षं शिकवलं.

गेम थिअरी म्हणजे काय?

नाव खेळाचं असलं तरी विषय खेळापुरता नाही. माझ्या निर्णयाचं फळ जिथे तुमच्या निर्णयावर अवलंबून आहे आणि तुमच्याचं माझ्या, अशा प्रत्येक प्रसंगाचं हे गणित आहे. लिलावात किती बोली लावायची, संप ताणायचा की मिटवायचा, समोरच्या दुकानाने भाव उतरवले तर आपण काय करायचं, हे सगळे त्यातलेच प्रश्न. इथे नुसता आपला फायदा बघून भागत नाही. समोरचा काय विचार करतोय आणि आपण काय विचार करतोय असं त्याला वाटतंय, तेही हिशेबात धरावं लागतं.

१९७७ : साबणाचे इतके प्रकार कशाला?

दीक्षित यांचं सर्वांत जास्त उद्धृत झालेलं काम मात्र काटेकोर अर्थाने गेम थिअरीचं नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबरचा हा शोधनिबंध १९७७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. प्रश्न साधा होता. बाजारात साबणाचे, चपलांचे, बिस्किटांचे अनेक प्रकार असतात. प्रत्येक प्रकार थोडा वेगळा, प्रत्येक कंपनी आपल्या प्रकारापुरती छोटी मक्तेदार. मग समाजाला हवेत तेवढे प्रकार बाजार देतो, की जास्त, की कमी?

अशा बाजाराचं वर्णन १९३३ मध्येच एडवर्ड चेंबरलिन आणि जोन रॉबिन्सन यांनी केलं होतं. पण ते सहज वापरता येईल अशा गणितात बसवलेलं नव्हतं. दीक्षित आणि स्टिग्लिट्झ यांनी ग्राहकाची विविधतेची आवड आणि जास्त उत्पादनाबरोबर उतरणारा सरासरी खर्च, या दोन्ही गोष्टी एकाच सुटसुटीत चौकटीत बसवल्या.

ती चौकट इतरांनी उचलली. जर्मनी फ्रान्सला मोटारी विकतो आणि फ्रान्सही जर्मनीला मोटारीच विकतो, असं का होतं याचं उत्तर पॉल क्रुगमन यांनी १९७९-८० च्या सुमारास याच चौकटीवर दिलं. क्रुगमन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. नवी कल्पना आर्थिक वाढ कशी घडवते यावरचं पॉल रोमर यांचं १९९० चं कामही याच प्रकारच्या गणितावर उभं आहे. त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे मूळ प्रश्न साबणांच्या प्रकारांचा, पण उपयोग झाला तो देशोदेशीचा व्यापार समजून घ्यायला.

१९८० : परतीचे दोर कापण्याचं अर्थशास्त्र

गेम थिअरीतलं त्यांचं गाजलेलं काम 'इकॉनॉमिक जर्नल'मधल्या १९८० च्या लेखात आहे. उदाहरण म्हणून समजा, एका तालुक्यात एकच तेलगिरणी आहे. दुसरा कोणी गिरणी टाकायच्या विचारात आहे. जुना मालक धमकी देतो, "तू आलास तर मी भाव पाडीन, तुझं दिवाळं वाजेल." नव्याने ही धमकी खरी मानावी का?

बहुतेक वेळा मानू नये. कारण नवा खरोखर आलाच तर भाव पाडून जुन्याचंही नुकसान होणार. त्या क्षणी त्याला मुकाट्याने बाजार वाटून घेणंच परवडेल. धमकी द्यायला सोपी, अमलात आणायला महाग, म्हणून ती पोकळ.

आता समजा, जुन्याने आधीच मोठी यंत्रं बसवून पैसा गुंतवून टाकला आहे आणि तो पैसा परत निघणारा नाही. यंत्रं उभी आहेत म्हटल्यावर वाढीव तेल काढायला त्याला खर्च थोडाच येतो. मग कोणी समोर आलं तरी जास्त माल काढणं हेच त्याच्या फायद्याचं ठरतं. नव्याला हे दिसतं आणि तो येतच नाही. इथे धमकी बोलूनही दाखवावी लागत नाही, गुंतवणूकच बोलते.

याआधी मायकेल स्पेन्स यांनी १९७७ मध्ये असं मांडलं होतं, की प्रतिस्पर्ध्याला घाबरवण्यासाठी कंपन्या जादा यंत्रसामग्री नुसती पडून ठेवतील. दीक्षित यांनी दाखवलं, की वेळ आल्यावर जी यंत्रं चालवणं मालकाच्याच हिताचं नाही, त्यांना प्रतिस्पर्धी भीक घालणार नाही. धाक बसतो तो खरोखर वापरल्या जाणाऱ्या क्षमतेचा.

आपले हात बांधून घेण्यात ताकद असते, हा विचार थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्येच मांडला होता. मराठी माणसाला तो नवा नाही. सिंहगडावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापल्याची कथा शाळेतच ऐकलेली असते. पळायची वाट उरली नाही, म्हणून मावळे फिरून लढले. दीक्षित यांच्या पुस्तकात याच मुद्द्यासाठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर स्वतःची जहाजं निकामी करणारा स्पॅनिश सरदार कोर्तेझ येतो.

१९९४ : थांबण्यालाही किंमत असते

नंतरच्या कामात त्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. प्रतिस्पर्ध्याला दाखवायला न फिरणारा निर्णय उपयोगी पडतो. पण उद्याचीच खात्री नसेल तर?

आकड्यांत बघू. एका कारखान्याला १०० लाख रुपये लागतात. वर्षभराने त्याची किंमत १५० लाख तरी होईल किंवा ७० लाख तरी, शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी ११० लाख, म्हणजे १० लाख फायदा. जुना नियम सांगतो, गुंतवा. पण वर्षभर थांबलं तर? चित्र चांगलं निघालं तरच पैसे घालायचे, ५० लाख मिळवायचे. वाईट निघालं तर हात आखडता घ्यायचा, नुकसान शून्य. सरासरी फायदा २५ लाख. व्याजाचा हिशेब बाजूला ठेवला तर थांबणं सरस ठरतं.

रॉबर्ट पिंडाइक यांच्याबरोबर १९९४ मध्ये लिहिलेल्या 'इन्व्हेस्टमेंट अंडर अनसर्टन्टी' या ग्रंथात हा विचार सविस्तर आहे. धंद्यातून बाहेर पडण्यालाही तो लागू होतो. १९८० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात डॉलर वधारला तेव्हा परदेशी कंपन्या अमेरिकेच्या बाजारात शिरल्या. पुढे डॉलर घसरला, तरी त्या लगेच बाहेर पडल्या नाहीत. एकदा बाहेर पडलं की परत शिरायचा खर्च पुन्हा करावा लागतो, हे दीक्षित यांनी १९८९ च्या लेखांत मांडलेलं स्पष्टीकरण. तोट्यातला कारखाना मालक वर्षानुवर्षं का चालू ठेवतो, तेही यातून कळतं.

धोरणासाठी यातून निघणारा धडा सरकारांना फार आवडणारा नाही. कायदे आणि कर वारंवार बदलत असतील, तर सवलत देऊनही गुंतवणूकदार थांबून राहतात. अशा वेळी नुसत्या सवलतीपेक्षा स्थिर नियम जास्त कामाला येऊ शकतात.

२००४ : कायदा नसेल तिथे

'लॉलेसनेस अँड इकॉनॉमिक्स' हे २००४ चं पुस्तक त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दिलेल्या गोरमन व्याख्यानांवर आधारलेलं आहे. जिथे कोर्ट नाही, असलं तरी निकाल लागत नाही, तिथे व्यापार चालतो कसा? बाजारात ज्याला आपण 'पत' म्हणतो, तिच्यावर. फसवलंस तर उद्या तुझ्याशी कोणीच व्यवहार करणार नाही, ही भीती पुरते. अकराव्या शतकातले भूमध्य समुद्रावरचे मघरिबी ज्यू व्यापारी, न्यूयॉर्कचे हिरे व्यापारी, इतकंच काय, संरक्षण विकणारा सिसिलीचा माफिया, असे इतर अभ्यासकांनी तपासलेले नमुने इथे गेम थिअरीच्या भिंगाखाली येतात.

२००३ च्या एका लेखात त्यांनी पतीची मर्यादाही दाखवली होती. जग छोटं असतं तोवर बातमी सगळीकडे पोचते आणि प्रामाणिकपणा आपोआप टिकतो. जग वाढलं, की लांबच्या अनोळखी माणसाला फसवलं तरी आपल्या वर्तुळात कळत नाही. खूप मोठ्या जगाला कोर्ट-कचेऱ्यांचा खर्च परवडतो. अडचण होते ती मधल्या आकाराच्या समाजाची. तिथे जुनी ओळख पुरत नाही आणि नव्या यंत्रणेचा खर्च पेलत नाही.

शिक्षक आणि लेखक

सामान्य वाचकांपर्यंत दीक्षित पोचले ते बॅरी नेलबफ यांच्याबरोबरच्या 'थिंकिंग स्ट्रॅटेजिकली' (१९९१) या पुस्तकातून. त्याचाच नवा अवतार 'द आर्ट ऑफ स्ट्रॅटेजी' २००८ मध्ये आला. सुसान स्कीथ यांच्याबरोबरचं 'गेम्स ऑफ स्ट्रॅटेजी' (१९९९) हे महाविद्यालयीन पाठ्यपुस्तक आहे आणि पुढच्या आवृत्त्यांत आणखी सहलेखक आले. आधी खेळ आणि गोष्ट, सिद्धांत मागाहून, अशी त्यांची शिकवण्याची रीत.

सत्राच्या शेवटी ते वर्गात २० डॉलरचं बक्षीस ठेवत. जो सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवत राहील, त्याला ते मिळणार. बहुतेक मुलं लवकर थांबायची. पण दोघं-तिघं हट्टाला पेटली, की २० डॉलरसाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या चालायच्या. जिंकतो एक, पण श्रम सगळ्यांचे खर्च होतात, असा हा लिलाव. निवडणुकीतला खर्च आणि देशादेशांतली शस्त्रस्पर्धा याच जातीची असते, हे मग वेगळं शिकवावं लागत नसे.

'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' या चित्रपटाचाही ते उपयोग करत. त्यात रशिया जग नष्ट करणारं यंत्र बनवतो, पण ते गुप्त ठेवतो. दुसऱ्याला माहीतच नसेल तर धाक कसला बसणार, हा धडा त्यातून मिळतो.

मानसन्मान

दीक्षित २००१ मध्ये इकॉनोमेट्रिक सोसायटीचे आणि २००८ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्रज्ञांच्या या दोन सर्वांत मानाच्या संस्था. असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी निवडलेला विषय शासनसंस्था आणि आर्थिक व्यवहार यांच्या नात्याचा होता. २००५ मध्ये ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आले.

ज्यांना या विषयात पहिलं पाऊल टाकायचं आहे, त्यांच्यासाठी 'द आर्ट ऑफ स्ट्रॅटेजी' सोयीचं आहे. त्याला बारावीपेक्षा जास्त गणित लागत नाही. अर्थशास्त्राची तोंडओळख हवी असेल तर ऑक्सफर्डच्या छोटेखानी मालिकेत त्यांनी २०१४ मध्ये लिहिलेलं 'मायक्रोइकॉनॉमिक्स' आहे. ते खिशात मावेल एवढंच आहे.